मतदार फिरला कीं पुढारी फिरला?

निवडणुकीचे निकाल लागले कीं आमच्या सुशिक्षित वर्गांत एक ठराविक चर्चा सुरू होते. चहाचे पेले भरलेले असतात, दूरचित्रवाणीवर आंकडे धांवत असतात, आणि कोणी तरी सुस्कारा टाकून म्हणतो, "मतदार फिरला!" या दोन शब्दांत जणूं सारें राज्यशास्त्र सामावलें आहे. दुसरा त्यांत भर घालतो, कीं खेड्यांतला मतदार पैशावर फिरतो. तिसरा म्हणतो, लाटेवर फिरतो. आणि ज्याचें वाचन सर्वांत अधिक तो निर्णय देतो, कीं लोकशाही म्हणजे अडाण्याच्या हातीं दिलेली तलवार. १९४७ पूर्वीं कित्येक इंग्रज अधिकारी आपणां सर्वांविषयीं हेंच म्हणत असत, याची त्या गृहस्थांस आठवण नसते.

हें मत आम्हांस मान्य नाहीं. तें चुकीचें आहे, आळशीपणाचें आहे, आणि अन्यायाचेंही आहे, असें आम्ही येथें दाखविणार आहों. मतदार एका पक्षाकडून दुसऱ्या पक्षाकडे कां जातो, हा प्रश्न वाजवी आहे. परंतु तो कां गेला हें विचारण्यापूर्वीं तो गेला कीं नाहीं हें पहावयास नको काय? अंधारांत दिसला तो साप कीं दोरी हें आधीं ठरवावें आणि मग काठी शोधावी, हा वेदान्त्यांचा साधा दृष्टान्त निवडणुकीचे पंडित विसरतात. साऱ्या महाराष्ट्राचा निवाडा करण्याचा आमचा आव नाहीं. ठाणें जिल्ह्यांतील शहापूर व मुरबाड हे दोनच तालुके आम्ही घेतों. तेथील विद्यार्थी आमच्या वर्गांत गेलीं पंचवीस वर्षें येत आहेत, आणि त्यांच्या घरीं लग्नकार्यास, क्वचित् दुःखाच्या प्रसंगींही, आमचें जाणें झालेलें आहे.

ज्यांनीं हा मुलूख आगगाडीच्या खिडकींतूनच पाहिला त्यांच्यासाठीं थोडें वर्णन केलें पाहिजे. वाशिंद, आसनगांव, आटगांव, खर्डी, कसारा हीं मध्य रेल्वेचीं स्टेशनें शहापूर तालुक्यांत येतात. मुरबाडास आगगाडी नाहीं. कल्याण-मुरबाड लोहमार्गाचें वचन एकाहून अधिक निवडणुकींत दिलें गेलें. तथापि २०२४ सालचीं मतें पडलीं तेव्हांही मुरबाडचा मनुष्य एस. टी. नें अगर जीपनेंच कल्याण गांठीत होता. येथें वर्षास शंभर इंचांच्या आसपास पाऊस कोसळतो. शहापूर तालुक्यांत १८९२ सालचा तानसा आहे आणि भातसा आहे. मुंबईस पाणी पुरविणाऱ्या सात तलावांच्या एकंदर सांठ्यापैकीं जवळजवळ निम्मा सांठा एकट्या भातसाचा. मुरबाडच्या अंगाला बारवी धरण आहे. त्याचें पाणी कारखान्यांस व खालच्या शहरांस जातें. आणि एवढें असूनही होळी पेटली कीं या दोन तालुक्यांच्या पाड्यांवर टँकरची वाट पाहणें सुरू होतें. मुंबईकडे जाणाऱ्या जाड नळांच्या बाजूनें बायका डोक्यावर हंडे घेऊन ओढ्यांतल्या डबक्याकडे चालल्या आहेत, हें दृश्य आम्हीं स्वतः पाहिलें आहे, आणि एकाच वर्षीं नव्हे. वाचकांनीं ही गोष्ट ध्यानांत ठेवावी. आमच्या विवेचनाचा शेवट याच हंड्यांपाशीं होणार आहे.

आतां वहीकडे वळूं. शहापूर हा अनुसूचित जमातींसाठीं राखीव असलेला विधानसभा-मतदारसंघ. १९९५ व १९९९ सालीं येथें शिवसेनेचे दौलत दरोडा निवडून आले. २००४ सालीं राष्ट्रवादी काँग्रेसचे महादू बरोरा आले. २००९ सालीं पुनः शिवसेनेचे दरोडा. २०१४ सालीं राष्ट्रवादीचे पांडुरंग बरोरा, म्हणजे महादू बरोरा यांचे चिरंजीव. येथवर गोष्ट सरळ दिसते: धनुष्यबाण व घड्याळ यांची आलटूनपालटून सरशी. परंतु पुढचा अंक पहावा. २०१९ च्या जुलै महिन्यांत पांडुरंग बरोरा राष्ट्रवादी सोडून शिवसेनेंत गेले. आणि ज्यांच्या नांवानें त्या तालुक्यांत धनुष्यबाण ओळखला जात होता ते दरोडा शिवसेना सोडून राष्ट्रवादींत आले. प्रतिस्पर्धी तेच राहिले. चिन्हांची तेवढी अदलाबदल झाली. ऑक्टोबरांत मतें मोजलीं गेलीं, आणि घड्याळ घेतलेले दरोडा विजयी झाले.

या निकालाचें कोष्टक कसें दिसतें? २०१४ पुढें "राष्ट्रवादी". २०१९ पुढेंही "राष्ट्रवादी". कोष्टक वाचणारा पंडित म्हणतो, शहापूरचा मतदार पक्षनिष्ठ राहिला. वस्तुतः त्या मतदारानें पांच वर्षांपूर्वीं निवडलेल्या माणसास घरीं बसविलें आणि घरीं बसविलेल्यास निवडून दिलें!

शेजारच्या मुरबाडांत याच्या नेमकें उलट घडलें. २००९ सालीं तेथें किसन कथोरे राष्ट्रवादीच्या घड्याळावर निवडून आले. २०१४ सालीं ते भारतीय जनता पक्षांत गेले व कमळावर निवडून आले; पुढें २०१९ व २०२४ सालींही कमळावरच. कोष्टक सांगतें, २०१४ सालीं मुरबाडचा मतदार घड्याळाकडून कमळाकडे फिरला. वस्तुतः त्यानें मागच्याच माणसास पुनः निवडलें होतें. एकंदरींत, जेथें उलथापालथ झाली तेथें कोष्टक स्थैर्य दाखवितें, आणि जेथें स्थैर्य होतें तेथें उलथापालथ दाखवितें. ज्या तराजूंत शेर ठेवला असतां अच्छेर दिसतो व अच्छेर ठेवला असतां शेर, तो तराजू वाणीसुद्धां दुकानांत ठेवणार नाहीं. आमचे पंडित मात्र त्यावर राज्याचें भविष्य तोलतात.

कोणी म्हणेल, २०१४ सालीं देशभर लाट होती, तिचा विचार करा. लाट होती, हें आम्ही नाकारीत नाहीं. मुरबाड मतदारसंघांत बदलापूर शहर येतें, आणि तेथून रोज मुंबईस जाणारा नोकरदार दिल्लीकडे पाहून मत देतो, हेंही खरें मानूं. परंतु तीच लाट, त्याच महिन्यांत, लागूनच असलेल्या शहापुरांत कां पोंचली नाहीं? तेथें तर राष्ट्रवादीचेच बरोरा निवडून आले. तालुक्याची शीव पाहून थांबणाऱ्या लाटेस लाट म्हणणें हें भाषेवर जुलूम करण्यासारखें आहे.

२०१९ च्या दिवाळींत आम्ही किन्हवलीच्या बाजूस एका विद्यार्थ्याच्या घरीं गेलों होतों. ओसरीवर त्याचे आजोबा बसले होते. आम्हीं त्यांस विचारलें, "बाबा, यंदा तुम्हीं पक्ष बदललात म्हणे?" म्हातारा हंसला आणि म्हणाला, "मास्तर, आमी कुटं बदललो? माणूस तोच हाय. त्याच्या खांद्यावरचा टावेल बदलला, त्याला आमी काय करणार? म्हशाच्या जत्रंत बैल घेताना कोण शिंगाचा रंग बघतो का? दात बघतो, चाल बघतो." पौषी पौर्णिमेस मुरबाड तालुक्यांतील म्हसें येथें गुरांचा मोठा बाजार भरतो, त्या बाजारांत ज्याची आयुष्यभर फसवणूक होऊं शकली नाहीं, तो मनुष्य मतपेटीपाशीं मात्र मूर्ख बनतो, असें आम्हीं कोणत्या आधारावर मानावें?

तो दात पाहतो म्हणजे काय पाहतो? आदिवासी मुलाच्या जातीच्या दाखल्यासाठीं कोण फोन करतो, हें पाहतो. रात्रीं बाळंतीण अडली तर गाडी कोण देतो, आणि ठाण्याच्या किंवा कळव्याच्या इस्पितळांत खाट कोण मिळवून देतो, हें पाहतो. वनहक्काचा दावा कचेरींत पडून राहिला, समृद्धी महामार्गांत गेलेल्या जमिनीचा मोबदला भावाभावांच्या वादांत अडकला, बारवीच्या वाढीव बुडितांत घर गेलें आणि वचन दिलेली नोकरी हातीं आली नाहीं, तर साहेबाच्या टेबलापर्यंत आपणांस कोण नेतो, हें पाहतो. आणि मयतीला कोण येतो, हेंही पाहतो. या साऱ्या कामांसाठीं त्यास पक्ष भेटत नाहीं. पक्षाची शाखा म्हणजे नाक्यावरचा फलक; तो निवडणुकींत लागतो व पावसांत फाटतो. माणूस मात्र बारा महिने असतो. जो बारा महिने असतो त्यास मत द्यावें, हा व्यवहार आहे. यास चंचलता म्हणणें म्हणजे शब्दाचा अर्थच उलटा करणें होय.

याचें सर्वांत स्वच्छ प्रमाण २०२४ च्या लोकसभा-निवडणुकीनें दिलें. शहापूर व मुरबाड हे दोन्ही भाग भिवंडी लोकसभा मतदारसंघांत येतात. तेथें नीलेश सांबरे हे अपक्ष उभे होते. त्यांच्या मागें मोठा पक्ष नव्हता, देशाचा नेता नव्हता, ओळखीचें चिन्ह नव्हतें. विनामूल्य इस्पितळ व शिक्षणाचें काम करणारी एक संस्था तेवढी होती. त्यांस दोन लाखांहून अधिक मतें पडलीं. हीं मतें कोणत्या पक्षाकडून कोणत्या पक्षाकडे फिरलीं, हें कोष्टकवाल्यांनीं सांगावें.

त्याच निवडणुकींत विजयी झाले ते 'तुतारी'चे सुरेश म्हात्रे, आणि पडले ते कमळाचे कपिल पाटील. आतां या कमळाची व या तुतारीची वंशावळ पहा. पाटील २०१४ सालीं राष्ट्रवादींतून भारतीय जनता पक्षांत आले व खासदार झाले, पुढें केंद्रांत राज्यमंत्रीही झाले. म्हात्रे त्याच २०१४ सालीं याच मतदारसंघांत महाराष्ट्र नवनिर्माण सेनेतर्फें उभे होते. म्हणजे घड्याळांतून निघालेल्या कमळास इंजिनांतून निघालेल्या तुतारीनें पाडलें. आणि दुसऱ्या दिवशींच्या वर्तमानपत्रांत काय छापून आलें? "मतदार फिरला!" बिचारा मतदार आपल्या जागीं उभा आहे आणि हे सारे त्याच्याभोंवतीं गरगर फिरत आहेत. आगगाडींत बसलेल्या मुलास झाडें पळतांना दिसतात. त्याचें आपण कौतुक करतों, कारण तें मूल असतें. प्रौढ मनुष्यानें झाडांवर पळपुटेपणाचा आरोप करूं नये.

सहा महिन्यांनीं, नोव्हेंबर २०२४ मध्यें, विधानसभेचीं मतें पडलीं. तुतारीस खासदारकी देणाऱ्या त्याच सहा विधानसभा-विभागांपैकीं पांच महायुतीनें जिंकले. शहापुरांत पुनः दरोडा व बरोरा; आतां दोघेही 'राष्ट्रवादी'च, परंतु एक अजित पवारांच्या घड्याळाचे व एक शरद पवारांच्या तुतारीचे. दरोडा अवघ्या १,६७२ मतांनीं निवडून आले. त्याच यादींत तुतारीसारखें दिसणारें 'ट्रम्पेट' हें चिन्ह घेतलेला एक उमेदवार होता, आणि त्यास या मताधिक्याहून अधिक मतें मिळालीं. त्यांतील किती मतें चुकून पडलीं हें कोणास सांगतां येणार नाहीं. परंतु एकाच पक्षाचे दोन तुकडे, एका वाद्याचीं दोन चित्रें आणि तीस वर्षांचीं तींच दोन घराणीं अशा खिचडींतून मतदाराचा 'वैचारिक कल' शोधून काढणारांच्या धैर्याचें आम्हांस नवल वाटतें.

आतां पैशाच्या आक्षेपाकडे येऊं, कारण आमच्या वर्गास तो सर्वांत प्रिय आहे. मतदानाच्या आदल्या रात्रीं पाकिटें फिरतात, हें आम्ही नाकारीत नाहीं. परंतु ज्या घरीं दोन्ही बाजूंचीं पाकिटें येतात, त्या घरचें मत कोणत्या पाकिटानें ठरलें? पैसा दोन्हींकडून आला म्हणजे तो निर्णयाचें कारण राहत नाहीं. राहिली 'लाडकी बहीण'. २०२४ च्या ऑगस्टपासून स्त्रियांच्या खात्यांत दरमहा १,५०० रुपये येऊं लागले, आणि नोव्हेंबरांत त्याचा परिणाम झाला, हें मानण्यास आमची हरकत नाहीं. यास लांच म्हणावयाचें असेल तर खुशाल म्हणावें. मात्र १ फेब्रुवारी २०२५ रोजीं अर्थसंकल्पांत बारा लाखांपर्यंतचें उत्पन्न करमुक्त झालें, ५ फेब्रुवारीस दिल्लींत मतदान झालें, आणि आमच्या वर्गांतील घरोघर पेढे वांटावयाचे तेवढे राहिले, त्यास काय म्हणावें? मुरबाडच्या बाईनें दीड हजार घेतले तर ती विकली गेली, आणि आम्हीं वर्षाकांठीं त्याहून कितीतरी अधिक वांचविलें तर तें 'अर्थव्यवस्थेस चालना'! एकाच गोष्टीस गरिबाघरीं एक नांव व आपल्या घरीं दुसरें, ही विद्या आम्हीं कॉलेजांत शिकविली असेल तर आमचेंच चुकलें.

तेव्हां मतदार मूर्ख नाहीं, आणि त्यास रागही येतो. २०१९ सालीं साताऱ्याचे उदयनराजे भोसले राष्ट्रवादीतर्फें लोकसभेवर निवडून आले, कांहीं महिन्यांतच राजीनामा देऊन भारतीय जनता पक्षांत गेले, आणि ऑक्टोबरच्या पोटनिवडणुकींत श्रीनिवास पाटलांनीं त्यांस पाडलें. छत्रपतींच्या वंशजासही साताऱ्यानें माफी दिली नाहीं. म्हणजे विचारल्यास मतदार बोलतो. प्रश्न इतकाच कीं त्यास विचारलें जातें काय? इंग्लंडांत पूर्वीं मंत्रिपद स्वीकारणाऱ्या सभासदासही पुनः मतदारांपुढें जावें लागे; त्या नियमानें १९०८ सालीं चर्चिलसारखा मनुष्य मँचेस्टरांत पडला. आमच्याकडे १९८५ सालीं पक्षांतरबंदीचा कायदा झाला, २००३ सालीं तो कडक केला, आणि तरीही २०२२ सालीं शिवसेना व २०२३ सालीं राष्ट्रवादी फुटली. खरा पक्ष कोणता याचा निकाल निवडणूक-आयोगानें दिला, अपात्रतेचा निकाल विधानसभेच्या अध्यक्षांनीं दिला, वाद न्यायालयांत गेला. आणि ज्यांच्या मतांवर हे सभासद निवडून आले होते त्यांची पाळी सर्वांच्या शेवटीं आली. घर विकलें गेल्यावर मालकाची संमति विचारावी, असा हा प्रकार आहे.

येथवर आम्हीं मतदाराची बाजू मांडली. पण वकिलानें अशिलाचें नुकसान लपवूं नये. माणसास मत देण्याचा हा व्यवहार समंजस असला तरी तो महाग पडतो, आणि त्याची किंमत तोच मतदार देतो.

टँकर माणूस धाडूं शकतो. परंतु भातसाचें पाणी आधीं कोणाचें, हें ठरविणें माणसाच्या हातीं नाहीं. तें धोरण आहे. त्यासाठीं मंत्रिमंडळांत भांडावें लागतें, मुंबईसारख्या बलाढ्य शहराचा रोष पत्करावा लागतो, आणि दहा-पंधरा वर्षें एकच मागणी धरून बसावें लागतें. हें काम पक्षाचें आहे, आणि तें पक्षासच जमतें. जो पुढारी आज या गोटांत व उद्यां त्या गोटांत, त्याच्या शब्दास कोणत्याच गोटांत वजन राहत नाहीं. त्यास टँकर मिळतो, धोरण मिळत नाहीं. इगतपुरीकडील भावली धरणाचें पाणी शहापुरांत आणण्याची चर्चा वर्षानुवर्षें चालली. चिन्हें बदललीं, सरकारें बदललीं, उन्हाळ्यांतील टँकर तेवढा बदलला नाहीं. किंबहुना असेंही म्हणतां येईल, कीं ज्या तालुक्यांत पाण्याचा प्रश्न सुटतो तेथें टँकर धाडणाऱ्या माणसाची गरज संपते. हा हिशेब पुढाऱ्यांस कळत नसेल असें आम्हांस वाटत नाहीं.

या मुलुखास विचारामागें जाणें ठाऊकच नाहीं, असेंही नव्हे. २ जानेवारी १९४३ रोजीं मुरबाडच्या सिद्धगडावर भाई कोतवाल व हिराजी पाटील पोलिसांच्या गोळ्यांनीं पडले. त्यांच्या आझाद दस्त्यास ज्यांनीं भाकरी दिली, त्यांस कोणी दाखला मिळवून देणार नव्हता. मिळाला असता तर तुरुंग. आणि हें केवळ जुनें पुराण नव्हे. काळू नदीवरील धरणास मुरबाडच्या आदिवासींनीं एकत्र येऊन विरोध केला, आणि २०१२ सालीं उच्च न्यायालयानें तें काम थांबविलें. तेथें कोणा एका दात्याची कृपा नव्हती. लोक संघटित होते, कागद वाचीत होते, प्रश्न विचारीत होते. लोकांत पाणी आहे; पक्षांनीं विहीर खणणें सोडून दिलें आहे.

म्हणून आमचा आरोप स्पष्ट आहे. फिरला तो मतदार नव्हे, पुढारी. आणि त्याहून मोठा दोष पक्षांचा, ज्यांनीं तालुक्यांतील आपलें घर मोडून त्या जागीं भाडोत्री माणूस बसविला. पक्षानें उमेदवार ठरवितांना तालुक्यांतील सभासदांचें मत घ्यावें. निवडून आलेल्यानें पक्ष बदलला तर तो एकटा असो वा चाळीसजणांसह असो, त्यानें राजीनामा देऊन मतदारांपुढें जावें, असा कायदा व्हावा. आणि निवडणुकीपूर्वीं शहापूर-मुरबाडांत मत मागणाऱ्या प्रत्येक पक्षानें एकाच प्रश्नाचें लेखी उत्तर द्यावें: धरणाच्या पाण्यांत धरणाखालच्या गांवाचा वांटा किती, आणि तो कोणत्या सालीं?

राहिलें आमच्या वाचकांचें कर्तव्य. तें फार अवघड नाहीं. पुढच्या निकालाच्या दिवशीं कोणी सुस्कारा टाकून "मतदार फिरला" असें म्हटलें, तर त्यास नम्रपणें विचारावें, "कोठून कोठें?" आणि तो उत्तर शोधीत असतां आपल्या स्वयंपाकघरांतील नळ एकदां सोडून पहावा. मुंबईकर वाचकाच्या घरीं तें पाणी बहुधा शहापूरचेंच असेल. तो नळ सोडणाऱ्यानें, डोक्यावर हंडा घेऊन मतदानास जाणाऱ्या बाईस राजकारण शिकविण्याची घाई करूं नये.